जुन्या कपड्याची उलटी बाजू

व्हिंटेज शैलीत काम करायचंय म्हणणाऱ्या नवख्यांच्या पोर्टफोलिओत बहुतेकदा तेच दिसतं: पोलका डॉट, गोल टोकांची पीटर पॅन कॉलर, घेरदार स्कर्ट. माझ्याही पोर्टफोलिओत तेच होतं. जुनी प्रिंट घेतली की झालं व्हिंटेज, एवढीच माझी समज.

ती मोडली १९३०च्या दशकातल्या धाटणीचा गाऊन शिवताना. मादलेन व्हियोने ही फ्रेंच डिझायनर कापड ४५ अंशांत तिरकं लावून कापायची, म्हणजे आपल्या शिवणकामातलं उरेब. फारसे टक्स न घालताही असं कापड अंगावरून ओघळतं. वाचायला सोपं. मी कापलं, शिवलं, त्याच रात्री दुमड घातली आणि खुशीत हँगरला लावलं. सकाळी पाहते तर घेर कुठे बोटभर खाली आलेला, कुठे जिथल्या तिथे. उरेब कापड स्वतःच्या वजनाने ताणतं, तेही सगळीकडे सारखं नाही. आधी निदान एक दिवस लटकत ठेवायचं, मग जमिनीपासून मोजून खुणा करायच्या आणि नंतरच दुमड. सगळी दुमड उसवताना हे नीट पाठ झालं.

तेव्हापासून जुना कपडा हाती आला की आधी उलटा करते. शिवणीत दाब (शिवणीच्या आतलं जादा कापड) किती सोडलाय, चेन कमरेच्या बाजूला आहे की पाठीवर, अस्तराखाली काय भरलंय? फ्रेंच डिझायनर क्रिस्तियाँ दिओरचं १२ फेब्रुवारी १९४७ला आलेलं बार जॅकेट घ्या. त्याची बारीक कंबर नुसत्या कटिंगमधून येत नाही, नितंबांवर आतून पॅडिंग आहे. वरची रेघ तेवढी उचललीत तर जॅकेट मरगळलेलं दिसणार. एखाद्या शैलीमागचं कारणही माहीत हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं. खिसे, चुण्या, बटणं यांवरही मर्यादा आल्या. त्या युद्धकाळावर बेतलेल्या ड्रेसला भरघोस चुण्या घातल्या की जाणकाराला लगेच खटकतं.

अभ्यासासाठी जुनं रेशीम मिळालं तर टांगू नका, आडवं ठेवा. साधारण १९००च्या आसपास रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार चढवत. असं कापड घडीवर आपोआप चिरतं. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संग्रहातले फोटो ऑनलाइन फुकट पाहता येतात, पण आतली शिवण त्यात क्वचितच दिसते. त्यासाठी फाटका का होईना, एखादा खरा कपडा हवाच.

नोकरीचं म्हणाल, तर पहिली दोन वर्षं मी टेकपॅक (कपडा कसा शिवायचा याची कारखान्यासाठीची कागदपत्रं) आणि मापांचे तक्तेच केले. वैताग यायचा. (एका ठिकाणी माझं स्केच दुसऱ्याच्या नावाने पुढे गेलं, तेव्हापासून प्रत्येक कागदावर तारीख घालते.) पण कापडाचा हिशोब तिथेच शिकले. उरेबला कापड जास्त लागतं, तुकडे जास्त वाया जातात, म्हणून माझे ड्रेस कॉस्टिंगला अडकायचे. शेवटी एका ड्रेसचा स्कर्ट उभ्या धाग्यावर ठेवला आणि फक्त वरचा भाग उरेब कापला. गळ्याचा ओघळ तसाच राहिला, कापडही बसलं. माझं पास झालेलं पहिलं सॅम्पल ते.