पोस्टर छापायला टाकायच्या आधी

पोट्टेहो, आपल्या सिनेमा महोत्सवाचं यंदाचं पोस्टर तुमच्याकडं आहे म्हणून लिहून देतो. तारीख, वेळ, गाव, फोन नंबर कोणीही लिहितं. फक्त तारीख ठरवण्याआधी वडशाला एक फोन करा. झाडीपट्टीची नाटकं तिथूनच ठरतात आणि दिवाळीनंतर त्यांचा हंगाम. त्या रात्री शेजारच्या गावात नाटक लागलं तर आपल्या पडद्यासमोर नुसत्या ताडपत्र्या.

मराठी, गोंडी, तेलुगू, बंगाली सिनेमे एका पडद्यावर, हाच आपला महोत्सव. मग भाषांची नावं कोपऱ्यात बारीक कशाला? तेलुगू सिरोंच्याच्या माणसाकडून, बंगाली मुलचेऱ्याच्या माणसाकडून तपासून घ्या. गोंडी नाव गोंडीच्याच गुंजाला लिपीत टाकायचं तर टाका, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात, ती २०१८ पासून आहे. खाली देवनागरी मात्र हवीच.

चित्रात वारली माणसं नकोत. ती पालघरकडची, तरी दरवर्षी कोणीतरी आणून चिकटवतंच. ढोल घ्या, आपला दंडार नाच घ्या. सिनेमातला फोटो दिग्दर्शकाला विचारून.

आता मुख्य. अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करा, मग फॉन्ट लागत नाही. मागच्या वर्षी मी कोरल ड्रॉची फाइल तशीच नागपूरला धाडली. प्रेसवाल्याच्या कॉम्प्युटरात आपला फॉन्ट नव्हता. ‘चित्रपट’ची वेलांटी भलतीकडं गेली, ‘महोत्सव’मधला त पाय मोडून स पासून सुटला. दोनशे पोस्टर! पार्सल एसटीनं आलं, स्टँडवरच सुतळी सोडली आणि तिथंच बाकावर बसलो. मग रात्रभर पट्ट्या कापून चिकटवल्या, त्याही वाकड्या. म्हणून सांगतो, सगळा मजकूर निवडा, कंट्रोल-क्यू दाबा. मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवा, कर्व्ह झाल्यावर चूक टाइप करून सुधारता येत नाही. आधी शुद्धलेखन, मग कर्व्ह. उलटं केलं तर माझ्याकडं येऊ नका.

आकार १२ बाय १८ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, नाही तर स्क्रीनवरचा पोपटी कागदावर मळका उतरतो. चारही कडांना ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग. व्हॉट्सॲपवर फोटो नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कर्व्ह केलं ना?

मग खळ, शिडी, पानठेले, स्टँड, आठवडी बाजार. भिंत मालकाला विचारून.

आणि प्रेसला पाठवण्याआधी फाइल आपला फॉन्ट नसलेल्या एखाद्या लॅपटॉपवर उघडा, त्याचा फोटो मला टाका. रात्री बारा वाजता टाकला तरी चालेल.