कर्णबधिर व्यक्तीला आवाजाची खूण करण्यास घरच्या कुत्र्याला कसे शिकवावे

कर्णबधिर व्यक्तीच्या मदतीला असलेल्या कुत्र्याचे काम भुंकण्याचे नसते, कारण ते भुंकणे तिला ऐकू येणारच नाही. आवाज कानी पडताच त्याने तिच्यापाशी जावे, नाकाने किंवा पंजाने तिला स्पर्श करावा आणि तिने हाताने ‘काय आहे?’ अशी खूण करताच आवाज जिथून येतो तिथे तिला घेऊन जावे, हा या शिक्षणाचा गाभा आहे. ब्रिटनमध्ये ‘हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल’ ही संस्था १९८२ पासून अशी कुत्री तयार करते. अमेरिकेत हे काम १९७० च्या दशकातच सुरू झाले होते. पुण्यात असे तयार कुत्रे सहज मिळत नाही. तरीही घरातले कुत्रे शांत स्वभावाचे असेल आणि मदतीला ऐकू येणारे एखादे माणूस असेल, तर रोजच्या तीन-चार आवाजांपुरते शिक्षण घरीच देता येते.

कुत्र्याची जात येथे फारशी महत्त्वाची नाही. ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनिएल, पूडल ही कुत्री पसंत केली जातात, तर अमेरिकेत निवाऱ्यातली संमिश्र जातीची कुत्रीही हे काम उत्तम करत आली आहेत. त्यामुळे आपल्या देशी कुत्र्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की नवा आवाज आला की ते कुतूहलाने कान टवकारते की घाबरून पलंगाखाली शिरते. गणेशोत्सवात ढोल-ताशांनी आणि दिवाळीत फटाक्यांनी ज्याचा थरकाप उडतो, त्याच्यावर हे ओझे टाकू नये. ते प्रेमाने सांभाळावे, पण त्याच्याकडून या कामाची अपेक्षा ठेवू नये.

शिक्षण सुरू करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एक नियम मनापासून मान्य करावा, आणि माझ्या मते यश-अपयश सर्वाधिक यावरच ठरते: कुत्र्याला खाऊ घालणे, फिरवणे आणि खाऊचे बक्षीस देणे ही कामे शक्यतो कर्णबधिर व्यक्तीनेच करावीत. आपल्याकडे आजी पोळीचा तुकडा टाकतात, मुले बिस्किटे देतात, आणि कुत्रे साहजिकच जो बोलतो, हाक मारतो त्याच्याकडे धावते. मग बेल वाजल्यावरही ते ऐकू येणाऱ्या माणसाकडेच जाते, म्हणजे ज्या व्यक्तीसाठी हा खटाटोप करायचा तीच बाजूला राहते.

पहिला धडा स्पर्शाचा. कर्णबधिर व्यक्तीने खुर्चीवर बसून तळहात गुडघ्यावर ठेवावा. कुत्र्याने नाक लावताच अंगठा वर करून लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यावा. शाबासकीची ही खूण कायम एकच असावी. स्पर्श पक्का झाला की आवाज जोडावा. सुरुवातीला बेलऐवजी स्वयंपाकघरातला छोटा टायमर घ्यावा, कारण तो हवा तेव्हा वाजवता येतो आणि दाराशी पाहुणा आल्याचा गोंधळही होत नाही. मदतनीसाने जवळच टायमर वाजवावा. कुत्र्याने स्पर्श केला की कर्णबधिर व्यक्तीने बक्षीस द्यावे. त्यानंतर अंतर वाढवत टायमर दुसऱ्या खोलीत न्यावा आणि दोन्ही तळहात वर करून ‘काय आहे?’ ही खूण शिकवावी. कुत्रे टायमरपर्यंत घेऊन गेले, की बक्षीस तिथेच मिळावे. रोज पाच-पाच मिनिटांचे दोन सराव पुरतात. कुत्रे कंटाळण्याआधी थांबावे.

यानंतर बेल, बाळाचे रडणे, कुकरची शिट्टी असे आवाज एकेक करून घ्यावेत. कुकरचे शिक्षण थोडे वेगळे आहे. कुत्र्याला शिट्ट्या मोजता येत नाहीत; ते प्रत्येक शिट्टीला येऊन स्पर्श करील, मोजायचे काम आपले. त्यामुळे डाळीला तीन शिट्ट्या हव्या असतील तर तीनदा बक्षीस देण्याची तयारी ठेवावी, आणि तुकडे मोहरीएवढे नसले तरी हरभऱ्याएवढेच असावेत.

धुराच्या गजराची खूण मात्र निराळी असली पाहिजे. इथे आवाजाच्या दिशेने नेणे म्हणजे माणसाला आगीकडे नेणे होईल. म्हणून प्रशिक्षित कुत्री अशा वेळी स्पर्श करून जमिनीवर आडवी होतात, आणि तो धोक्याचा इशारा समजून माणूस बाहेर पडतो. हा आवाज एरवी कधीच होत नसल्याने त्याचा सराव ठरवून घ्यावा लागतो, नाहीतर कुत्रे तो विसरते.

रस्त्यावर कुत्र्याकडून वेगळी अपेक्षा असते. पुण्याच्या वाहतुकीत प्रत्येक हॉर्नला खूण करणे त्याला शक्य नाही आणि तसे शिकवूही नये. मात्र मागून दुचाकी येत असेल तर त्याचे कान व मान त्या दिशेला वळतात. पट्टा आखूड धरून त्याच्याकडे लक्ष ठेवण्याची सवय कर्णबधिर व्यक्तीला लागली, की आसपास काय चालले आहे याची बरीच कल्पना येते. अंगावर ‘मी कामावर आहे, कृपया हात लावू नका’ असे मराठीत लिहिलेले जाकीट घालावे. बहिरेपण बाहेरून दिसत नाही, त्यामुळे मागून हाका मारणाऱ्या माणसालाही त्या जाकिटावरून उलगडा होतो. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस अर्थातच वेळेवर असावी, आणि सोसायटीच्या सदस्यांना कुत्र्याचे काम आधीच समजावून सांगावे.

कुत्रेही आजारी पडते, गाढ झोपते आणि म्हातारे होते. म्हणून बेलबरोबर लागणारा दिवा आणि उशीखालचे थरथरणारे गजराचे घड्याळ, कुत्रे कितीही हुशार निघाले तरी, घरातून काढून टाकू नये.