दुपारी मेलेली कोंबडी उन्हानेच मेली का?

उन्हाळ्यात पिंजऱ्यात एखादी लेयर (अंड्यासाठी पाळलेली कोंबडी) मेलेली सापडली की ऊन लागलं असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ती अंगाने भरलेली, चांगली अंड्यावर असलेली आणि तुरा पांढराफटक पडलेली असेल, तर तिचे शवविच्छेदन करून घ्या. पोटात रक्ताची गुठळी आणि हात लावताच कुस्करणारे पिवळे, फुगलेले यकृत निघाले, तर दुखणे चरबीचे आहे. मर एकदम वाढली असेल तर मात्र स्वतः पोट फाडायला जाऊ नका, आधी पशुवैद्यकाला बोलवा.

हे दुखणे नेमके चांगल्या अंड्यावरच्या कोंबडीला का गाठते? कोंबडीच्या अंगातली चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली की अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरू लागते आणि यकृताला बलकासाठी चरबी व प्रथिने बनवण्याच्या कामाला जुंपते. हा माल रक्तातून अंडाशयाकडे जातो. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचे रक्त बाटलीत साकळू दिले तर वर सुटणारे पाणी दुधाळ दिसते. तो आजार नव्हे. एका बलकात साधारण ५ ते ६ ग्रॅम चरबी असते, आणि ती जवळजवळ रोज पुरवायची असते. बनणारी चरबी बाहेर जाणाऱ्या चरबीपेक्षा जास्त झाली की ती यकृतात साचते, यकृत ठिसूळ होते आणि आतल्या आत फुटून रक्तस्राव होतो.

उन्हाळ्यात अंग ऊबदार ठेवण्याचा खर्च वाचतो, पिंजऱ्यात हालचालही नसते. कोंबडी खाते कमी, हे खरे. पण गरज त्याहून कमी झाली असेल तर उरलेल्या मक्याची चरबीच होणार. आपल्या शेडमध्ये कोणती गोष्ट घडते आहे, हे नजरेने कळत नाही. म्हणून आधी वजन करा. वेगवेगळ्या ओळींतल्या ५० ते १०० कोंबड्या ठरावीक वेळी तोला आणि आकडे त्या जातीच्या वयानुसार वजनाच्या तक्त्याशी ताडून पाहा.

वजन तक्त्याच्या वर असेल तर खाद्यातली ऊर्जा थोडी उतरवा. प्रथिने, विशेषतः मेथिओनिन हे अमिनो आम्ल, उतरवू नका. यकृतातली चरबी बाहेर काढायला मेथिओनिन, कोलीन आणि बी१२ जीवनसत्त्व लागते. कोलीन क्लोराइड ओल धरते आणि इतर जीवनसत्त्वे खराब करते, ते प्रिमिक्समध्ये (जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात) मिसळून ठेवू नका, खाद्य बनवतानाच घाला. मक्यातली थोडी ऊर्जा काढून तिच्या जागी तेल दिले तर यकृताला नव्याने चरबी बनवावी लागत नाही आणि पचनातली उष्णताही कमी होते. ‘जागी’ हा शब्द महत्त्वाचा. तेलात मक्याच्या अडीचपटीहून जास्त ऊर्जा असते. मका तसाच ठेवून वरून तेल ओतले तर तुम्हीच चरबी भरता आहात. बुरशी लागलेला मका तर नकोच, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा पहिला घाव यकृतावरच बसतो.

उलट वजन तक्त्याच्या खाली असेल तर ऊर्जा कापणे चूक ठरेल. तिथे पहाटे आणि संध्याकाळी, गारव्यात खाद्य द्या, पाणी थंड ठेवा.

इस्ट्रोजेनची कळ आपल्या हाती नाही, पण दिव्याचे बटण आहे. दिवस मोठा होऊ लागला की अंडाशय जागे होते. उघड्या शेडमध्ये दिवस वाढत असताना वाढणारी तलंग अंगाने तयार होण्याआधीच अंड्यावर येऊ शकते. वजन तक्त्याला पोचल्याशिवाय प्रकाश वाढवू नका. अंड्यावर आल्यावर दिवसाला १६ तास प्रकाशाच्या पुढे जाण्यात फायदा नाही, आणि मध्येच कमीही करू नका.

नराचे गणित वेगळे. त्याचे वृषण काढले की चरबी वाढते. खच्ची कोंबडा मऊ, चरबीदार लागतो तो त्यामुळेच. ब्रॉयलरमध्येही माद्यांच्या पोटात नरांपेक्षा जास्त चरबी साठते, म्हणून नर-मादी वेगळे वाढवत असाल तर माद्या आधी विका. जाता जाता एक: ब्रॉयलर हार्मोनने फुगवतात ही समजूत निराधार आहे. अमेरिकेत एकेकाळी कोंबड्यांच्या मानेत कृत्रिम इस्ट्रोजेनची गोळी बसवत. १९५९ मध्ये ते बंद झाले. आणि त्या गोळीनेही मुख्यतः चरबीच वाढायची. आजच्या ब्रॉयलरची वाढ निवड पैदास आणि खाद्यातून आलेली आहे.