लक्झेंबर्गला शिकायला जाताय? मुंबईतच होणाऱ्या या चुका टाळा

लक्झेंबर्ग आपल्या ठाणे जिल्ह्याहूनही लहान. देशात सार्वजनिक विद्यापीठ एकच, 2003 साली सुरू झालेलं. त्यामुळे तिथलं कागदपत्रांचं कामही सोपं असेल असं अनेकजण धरून चालतात आणि फसतात. बहुतेक फाइली अडतात त्या क्रम चुकल्यामुळे.

प्रवेशपत्र हातात आलं की मुलं थेट व्हिसाच्या मागे लागतात. इथे रांगा दोन आहेत. आधी लक्झेंबर्गच्या इमिग्रेशन विभागाकडून तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी घ्यायची आणि ती भारतात असतानाच मागायची. परवानगीपत्र मिळाल्यावर 90 दिवसांच्या आत डी व्हिसासाठी, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, अर्ज करायचा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘तिथे बदलून घेऊ’ हा बेत चालत नाही, कारण तिथे पोहोचल्यावर केलेला अर्ज स्वीकारतच नाहीत. वर्ग सप्टेंबरात भरतात, पहिल्या रांगेला दोन महिने सोडा, म्हणजे फाइल जूनच्या मध्याला पूर्ण हवी. मुंबई विद्यापीठाचे निकाल कधी लागतात हे आपल्याला सांगायला नको! म्हणून शेवटच्या सत्राची वाट न पाहता आधीच्या सत्रांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचे अधिकृत उतारे, विद्यापीठाच्या कलिना संकुलातून काढून ठेवा.

आता नावाचा घोळ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. युरोपातला कारकून पहिला शब्द पाळण्यातलं नाव समजतो, शेवटचा आडनाव. झाली दोन माणसं तयार. अर्ज भरताना प्रत्येक ठिकाणी पासपोर्टच्या खालच्या यंत्र-ओळीत आहे तसंच नाव लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून जोडा. जन्मदाखलाही आजच उघडून बघा: महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. ते वॉर्ड ऑफिसातून चढवून घ्यावं लागतं, आणि हे काम एका फेरीत होईल या भरवशावर राहू नका.

अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन, मागितला असेल तर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. नोटरीचा शिक्का म्हणजे अपॉस्टिल नव्हे. आईने जपून लॅमिनेट करून ठेवलेली पदवी इथे घात करते, कारण प्लास्टिकवर ना शिक्का बसतो ना स्टिकर. अशा वेळी विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढणं हाच मार्ग.

पैशांचा पुरावा देताना मागच्या वर्षी गेलेल्या कुणाचा आकडा उचलू नका. तिथली किमान रक्कम सामाजिक साहाय्याच्या दराशी बांधलेली आहे आणि तो दर वाढत राहतो. खात्यात आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम संशय ओढवते. ती कर्जाची, मोडलेल्या एफडीची की पीएफची, याचा कागद सोबत हवा.

घराच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. भाडी प्रचंड, म्हणून सीमेपलीकडे फ्रान्समधल्या व्हिलरूपमध्ये किंवा जर्मनीतल्या ट्रियरमध्ये खोली घ्यायचा सल्ला मिळतो. युरोपीय विद्यार्थ्यांना तो चालतो, आपल्याला नाही. लक्झेंबर्गच्या परवान्यावर शेजारच्या देशात 180 पैकी 90 दिवस फिरता येतं, राहता येत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळताच भरा. खोली विद्यापीठाचा मुख्य परिसर असलेल्या बेलव्हालमध्येच हवी असा हट्टही नको: 2020 पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे. खाजगी घर घेतल्यास डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही.

उतरल्यावर 3 कामकाजी दिवसांत कम्यूनमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोंदणी. पहिल्या आठवड्यासाठी घेतलेल्या पर्यटक खोलीचा मालक पत्त्यासाठी कागद देईलच असं नाही, ते बुकिंगआधी विचारा. नंतर वैद्यकीय आणि क्षयरोग तपासणी, आणि 3 महिन्यांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. लहानपणी बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, घेतलेल्यांची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, पुढे एक्स-रे काढतात. मुंबईहून थेट विमान नाही, आणि वाटेत शेंगेन देशातला (आपापसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांपैकी एकातला) विमानतळ लागला तर इमिग्रेशन तिथेच होतं. त्यामुळे परवानगीपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, बोर्डिंग पास जपा.

सामानात तूप, पेढे, मटणाचं लोणचं नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. कढीपत्ता आणि हापूसही रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय अडतात. नारळ चालतो. आणि गंमत म्हणजे घरच्यापुरते सुके बोंबीलही चालतात, फक्त पिशवी हवाबंद करा, नाहीतर शेजारचा प्रवासी तक्रार करेल.