शिवणकामाच्या सामानाचा विमा: आधी यादी, मग अर्ज

मशीनची किंमत सगळ्यांच्या लक्षात असते. रिळं, अस्तर, लेस, झिपा, मणी, लोकर यांची बेरीज कोणी केलेली नसते. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तशी वेळ आली, तर दावा याच बेरजेवर उभा राहतो. म्हणून एजंटला फोन करण्याआधी एक दुपार यादीला द्या.

खण पूर्ण बाहेर ओढा, डब्यांची झाकणं उघडा आणि वरून फोटो काढा. रिळं एकेक लिहायची गरज नाही. ‘रिळं 60, दर 20, एकूण 1,200’ एवढं पुरतं. कापड मात्र मीटरमध्येच लिहा. ‘गठ्ठे 4’ या नोंदीवरून सर्वेयर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा माणूस, काय किंमत लावणार? मशीन, मोटर, ओव्हरलॉक यांच्यावरचे नंबर जवळून टिपा. दर आजचा धरा, घेतला तेव्हाचा नको. दुकानाची गुळगुळीत कागदाची बिलं काही महिन्यांत पुसट होतात, त्यामुळे बिल मिळालं त्या दिवशीच फोटो काढून स्वतःला मेल करा. मोबाइलही पाण्यात जाऊ शकतो.

आता कळीचा प्रश्न: सामान हौसेचं की धंद्याचं?

हौसेचं असेल तर 1 एप्रिल 2021 पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घ्या. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की त्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. भाड्याने राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचा विमाही घेता येतो.

पैसे घेऊन ब्लाउज शिवत असाल, फॉल-पिको करत असाल, तर ते अर्जात लपवू नका. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही छोट्या धंद्यांची पॉलिसी मागा. गिऱ्हाइकांचं कापड तुमच्या मालकीचं नसतं, ते पॉलिसीत वेगळं लिहून घ्या. रक्कमही पूर्ण धरा. 2 लाखांच्या मालाचा 1 लाखाचाच विमा असेल आणि 50,000 चं नुकसान झालं, तर विमा निम्मा म्हणून भरपाईही निम्मी, हाती साधारण 25,000 येतात. गृह रक्षेत ही कपात नाही.

आग, पूर, चक्रीवादळ, दरड, वीज पडणं, पाण्याची टाकी फुटणं, छपरावर माड कोसळणं हे सगळं दोन्ही पॉलिसींत येतं. बुरशी, गंज, वाळवी आणि कौलांतून रोज झिरपणारं पाणी यांची भरपाई मिळत नाही, आणि कोकणात कापड जास्त खराब होतं ते यांनीच. त्यावर उपाय एकच: घट्ट झाकणाचे डबे आणि जमिनीपासून उंच फळी. घरफोडीचं संरक्षणही वेगळं मागून घ्यावं लागतं.

पाणी शिरलंच, तर ओसरल्यावर भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला मोजायची टेप लावून फोटो काढा आणि कंपनीला लगेच कळवा. भिजलेल्या कापडाचे आधी फोटो, मग चिखल धुऊन ते वाळत घाला. सर्वेयर पाहून जाईपर्यंत काहीही फेकू नका. मोटर मेकॅनिकने उघडून सुकवल्याशिवाय विजेची पिन लावू नका. तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘घरगुती सामान’ असं मोघम लिहू देऊ नका, मशीन आणि कापडाचे मीटर नोंदवून घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.