कांद्याच्या मुळात पेशीविभाजन दिसत नाही? या चुका टाळा

स्लाइडवर नुसत्या लांबट पेशी, प्रत्येकीत एक फिकट गोल केंद्रक आणि विभाजनाचा मागमूस नाही. सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, प्रात्यक्षिकात बहुतेकांच्या वाट्याला हेच येते. मग खापर सूक्ष्मदर्शकावर फुटते. प्रत्यक्षात स्लाइड बिघडलेली असते ती ब्लेड चालवतानाच.

मुळाचा चुकीचा भाग कापणे

मुळाच्या अगदी टोकाला मूळटोपी असते आणि तिच्या लगेच मागे विभाजी ऊती, म्हणजे विभागणाऱ्या पेशींचा थर. ही पट्टी जेमतेम १ ते २ मिमीची. तिच्या मागच्या पेशी फक्त लांब होत जातात, विभागत नाहीत. सेंटिमीटरभर तुकडा घेऊन तो सगळाच चिरडला, तर विभागणाऱ्या मूठभर पेशी बाकीच्या गर्दीत हरवतात. टोकापासून २ मिमी पुरेसे आहे.

तुकडा इकडेतिकडे फिरला की टोक कोणते आणि कापलेली बाजू कोणती, हे कळेनासे होते. रंग दिल्यावर नीट पाहा. निमुळते, गडद लाल टोक ते आपले. तिथल्या पेशी लहान आणि केंद्रके मोठी असल्याने रंग दाट चढतो. फिकट राहिलेला भाग कापून फेकून द्या, त्याचा मोह नको.

मूळही ताजे हवे. कांद्याची वाळलेली जुनी मुळे खरवडून काढा, पण खालच्या चकतीला इजा होऊ देऊ नका. चकती पाण्याला जेमतेम टेकेल असा कांदा ठेवा आणि पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत २-३ सेंमीची पांढरी मुळे येतात. टोक तपकिरी झाले असेल तर ते मूळ सोडून द्या. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेल्या कांद्याला मुळे धड फुटतच नाहीत. त्याच्यावर आणखी आठवडा घालवण्यापेक्षा कांदा बदला किंवा लसणाची पाकळी घ्या. लसणातही कांद्याप्रमाणे १६ गुणसूत्रेच असतात.

मुळे उशिरा किंवा शिळ्या द्रावणात टाकणे

कापलेले टोक साध्या पाण्यात पडून राहिले की पेशी हळूहळू मरतात आणि गुणसूत्रांचा आकार बिघडतो. कापल्याबरोबर ते ३ भाग इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात गेले पाहिजे. हे मिश्रण त्याच दिवशी बनवा, कारण ठेवले की अल्कोहोल आणि आम्ल यांची आपापसात अभिक्रिया सुरू होते. सुमारे २४ तासांनी मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, म्हणजे थंड जागी टिकतात. ग्लेशियल ॲसिड कातडी भाजते आणि अल्कोहोल पेट घेते, म्हणून हे काम दिव्याजवळ करू नका.

मुळे सकाळी कापावीत असे सांगितले जाते. ते बरोबर ठरतेच असे नाही, कारण विभाजनाची वेळ तापमानावरही अवलंबून असते. खात्रीचा उपाय म्हणजे दोन-दोन तासांच्या अंतराने तीन वेळा मुळे कापून वेगवेगळ्या कुप्यांत ठेवणे.

आम्ल, रंग आणि अंगठा

पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा थर सैल करण्यासाठी १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६० अंश सेल्सिअसला साधारण ५ मिनिटे द्यावे लागते. वेळ कमी पडला तर पेशींचे थरच्या थर एकावर एक राहतात, जास्त झाला तर ऊतीचा लगदा होतो आणि गुणसूत्रे रंग धरत नाहीत. आम्ल धुऊन मग ॲसिटोकार्मिन या लाल रंगात १० ते १५ मिनिटे ठेवा. स्लाइड दिव्यावर कोमट करायची असते, उकळायची नाही. तळहाताच्या मागच्या बाजूला सोसवेल इतकीच ऊब पुरे. कार्मिन फिकटच राहत असेल तर लोखंडी सुईने थेंब थोडा ढवळा. लोहाचा अंश मिळाला की रंग गडद होतो, मात्र अति झाले की गाळ साचतो.

कव्हरस्लिप ठेवल्यावर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच ठोका. मग टिपकागदाची घडी वर धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. या क्षणी कव्हरस्लिप बाजूला सरकली की पेशी लाटल्यासारख्या गुंडाळल्या जातात आणि पश्चावस्था (गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे ओढली जातात ती पायरी) ओळखता येत नाही. बारीक दाब परवडतो, सरकणे नाही. काळ्या जाड कडेची स्वच्छ वर्तुळे दिसली तर त्या पेशी नव्हेत, हवेचे बुडबुडे आहेत.

पाहताना होणारी गफलत

आधी १०च्या वस्तुभिंगाने लहान, चौकोनी पेशींचा पुंजका शोधा आणि मगच ४०वर जा. सगळे धुरकट दिसत असेल तर डायफ्रॅम थोडा बंद करा. प्रकाश जास्त असला की फिकट गुणसूत्रे पुसली जातात.

बहुतेक पेशी आंतरावस्थेतच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळातच, असणार, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पेशीचक्राचा मोठा भाग तोच असतो आणि डीएनएची प्रत त्याच काळात तयार होते. आंतरावस्थेला ‘विश्रांती’ म्हणणे किंवा सूत्री विभाजनाची पहिली पायरी म्हणणे, दोन्ही चूक.

पूर्वावस्थेत केंद्रकाच्या जागी लोकरीच्या गुंड्यासारखा धाग्यांचा गुंता दिसतो. खरी फसगत मध्यावस्थेत होते. पुस्तकात गुणसूत्रे पेशीच्या मधोमध एका ओळीत काढलेली असतात, पण ते झाले बाजूने दिसणारे रूप. तीच पेशी ध्रुवाकडून पाहिली तर गुणसूत्रे कड्यासारखी पसरलेली दिसतात आणि वहीत ‘पूर्वावस्था’ अशी नोंद होते. आखूड, जाड, सुटी दिसली तर मध्यावस्था. लांब आणि गुंतलेली असली तर पूर्वावस्था.

पश्चावस्थेत V आकाराचे टोक ध्रुवाकडे हवे, कारण तुर्कतंतू (गुणसूत्रे ओढणारे पेशीतले धागे) गुणसूत्रबिंदूला, म्हणजे गुणसूत्रावरच्या पकडीच्या जागेला, धरून ओढतात आणि भुजा मागून फरफटत येतात. चित्रात हे टोक मध्याकडे काढलेले असते तेव्हा मुलाने स्लाइड पाहिलेली नाही हे लगेच कळते. तसेच कांद्याच्या पेशीत प्राणिपेशीसारखे ध्रुवांवरचे तारककेंद्र काढू नका आणि अंत्यावस्थेत (शेवटच्या पायरीत) मध्ये खाचही दाखवू नका. खाच प्राणिपेशीत पडते. वनस्पतिपेशीत पेशीपटल, म्हणजे दोन नव्या पेशींमधला पडदा, मधून सुरू होऊन कडांकडे वाढते. शेजारच्या दोन साध्या पेशींना अंत्यावस्था समजणेही नेहमीचेच. खऱ्या अंत्यावस्थेतली दोन केंद्रके लहान, दाट आणि समोरासमोर असतात.

संख्येचा गोंधळ

गुणसूत्रे मोजताना गुणसूत्रबिंदू मोजा. मध्यावस्थेत कांद्याची १६ गुणसूत्रे आणि ३२ अर्धगुणसूत्रे (प्रत्येक गुणसूत्राच्या जोडलेल्या दोन प्रती) असतात. पश्चावस्थेत ती सुटली की त्या पेशीत ३२ गुणसूत्रे झाली, आणि शेवटी प्रत्येक जन्य पेशीला १६. एखादी जोडी सुटलीच नाही तर एकीला १७ आणि दुसरीला १५ मिळतात. सूत्री विभाजनाचे महत्त्व लिहिताना नुसते ‘वाढ होते’ यापेक्षा हे लिहा, कारण झीज भरून निघते तीही याच अचूक वाटणीवर. माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्या स्वतः विभागत नाहीत, त्यांना केंद्रकच नसते. विभागतात त्या अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशी. सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टीन तुर्कतंतू बनू देत नाही, म्हणून कर्करोगाच्या पेशी विभागताना अडतात. भरभर विभागणाऱ्या केसांच्या मुळांनाही त्याची झळ पोचते आणि केस गळतात.

विभाजनाचे प्रमाण काढताना फक्त ‘छान दिसणाऱ्या’ पेशी मोजू नका. दृष्टिक्षेत्रातली प्रत्येक पेशी मोजा, आंतरावस्थेतलीही. ५०० पैकी ४० पेशी विभागत असतील तर प्रमाण ८ टक्के. मध्यावस्थांची रास आणि पश्चावस्था एकही नाही, असे आढळले तर मुळांना कोल्चिसीन (हेही तुर्कतंतू बनू देत नाही) दिले होते का, ते आधी विचारा.