थाप मारली की चालणारा मिक्सर

आमचा मिक्सर महिनाभर छळत होता. चटणी वाटताना मध्येच बंद, थाप मारली की पुन्हा सुरू! आधी बुडाचं लाल ओव्हरलोड बटण दाबलं, सॉकेट बदलून पाहिलं. फरक शून्य.

एका रात्री दिवा न लावता चालवला, तर जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसल्या. प्लग काढून तळ उघडला. एक कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) झिजून जेमतेम ५ मिमी उरलेला. स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर) नीट दाबूच शकत नव्हती, म्हणून थाप लागली की तेवढ्यापुरता चिकटायचा. दोन्ही ब्रश जोडीनंच बदलले (एकच बदलायचा मोह झाला होता), कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं पुसला, मिनिटभर रिकामा फिरवला. आता सुकं खोबरंही मुकाट वाटतो.